कागदावरील पहारा

कागद हें विद्येचें वाहन, ही त्याची ओळख आपणां सर्वांस आहे. परंतु रोगाची साक्षहि तो देऊं लागला, हा इतिहास पुष्कळांस ठाऊक नसतो. तो चाळतांना आम्हांस असें दिसून आलें कीं, रोगाची खूण ओळखणारें द्रव्य मिळविणें जितकें कठीण, तितकेंच तें कागदावर टिकविणेंहि कठीण होतें.

इ. स. १६६४ च्या आपल्या ग्रंथांत रॉबर्ट बॉइल यांनीं, पांढऱ्या कागदावरील व्हायोलेट फुलांचा रस आम्लानें तांबडा व अल्कलीनें हिरवा होतो, हें नमूद केलें. पुढें १९५६ सालीं अमेरिकेंत हेलन व आल्फ्रेड फ्री या दांपत्याच्या परिश्रमांतून लघवींतील साखर दाखविणारी पट्टी आली. ती बुडवावी आणि रंग पाहावा, एवढेंच काम.

प्रतिपिंडाची गोष्ट निराळी. शरीरांत शिरलेलें परकें द्रव्य ओळखून धरणारें हें प्रथिन दोन भुजांचें असून त्याची पकड भुजांच्या टोकांशीं असते. पट्टीवरून द्रव वाहत असतां त्यानें जागा सोडतां कामा नये, आणि भुजाहि मोकळ्या राहिल्या पाहिजेत. साध्या कागदावर मात्र तें सैल बसतें व बरेंचसें धुऊन जातें.

१९७५ सालीं केंब्रिज येथें कोहलर व मिलस्टाइन यांनीं एकाच जातीचीं प्रतिपिंडें हवीं तितकीं निर्माण करण्याची रीत शोधिली. १९७९ सालीं टोबिन व त्यांचे सहकारी यांनीं प्रथिनें नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यावर उतरवून दाखविलीं; कागदाच्याच मूलद्रव्यापासून होणाऱ्या या पडद्यास प्रथिनें आपोआप चिकटतात. १९८८ सालीं इंग्लंडांत गर्भधारणेची घरगुती पट्टी याच मार्गानें विक्रीस आली.

२००७ सालीं हार्वर्ड येथील व्हाइटसाइड्स यांच्या मंडळीनें अधिक स्वस्ताईसाठीं पुन्हां साध्या कागदाकडे लक्ष वेधलें. मग जुना प्रश्न उभा राहिला. पेरआयोडेटनें कागदावर अल्डिहाइड गट निर्माण केले असतां प्रतिपिंड घट्ट बसतें खरें. पण भुजाच बांधली गेली तर पहारेकरी जागेवर असूनहि निरुपयोगी!

ही केवळ रसायनशाळेंतील चर्चा नव्हे. ताप म्हणजे हिवताप असें मानून औषध देण्याची चाल पुष्कळ देशांत होती. आधीं चांचणी, मग औषध, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं दिला. आज गडचिरोलीच्या अरण्यांतील गांवींहि आशा कार्यकर्ती बोटांतील थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर निवाडा पाहते. पण त्याच २०१० सालीं, पुष्कळ पट्ट्या ज्या प्रथिनावर विसंबतात तेंच नसलेले हिवतापाचे जंतु पेरू देशांत आढळल्याचें प्रसिद्ध झालें. असा रोगी चांचणींत निरोगी ठरतो आणि ताप घेऊनच घरीं परततो.

म्हणून पट्टीची किंमत उतरली म्हणजे काम संपलें, असें आम्हांस वाटत नाहीं. जवळ दुसरा वैद्य नसलेल्या माणसास तिचा शब्द अखेरचा असतो. तो खरा निघावा, हीच या शास्त्राची खरी कसोटी होय.