कूलरचा पंप

कूलरचा पंप हा बाष्पीभवनाने हवा थंड करणाऱ्या कूलरमधील पाणी खेळते ठेवणारा लहान विद्युत पंप होय. कूलरच्या तळाच्या टाकीतील पाणी तो वर चढवतो. ते पाणी ताट्यांवरून झिरपत पुन्हा टाकीत येते आणि हे अभिसरण अखंड चालू राहते. विदर्भात नागपूर, चंद्रपूर, अकोला आदी जिल्ह्यांतील उन्हाळा कडक व कोरडा असतो. त्यामुळे तेथील असंख्य घरांत मार्च ते जून या काळात हे उपकरण नित्य वापरले जाते.

== पार्श्वभूमी ==
उन्हाळ्यात दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत भारतात जुनी आहे. ओल्या ताटीतून आत येणारी झुळूक थंड व सुगंधी होई. मात्र ताटी वाळली की पुन्हा पाणी मारण्यासाठी माणूस लागे. विद्युत पंख्याने वाऱ्याची आणि पंपाने पाणी मारणाऱ्याची जागा घेतली, तेव्हा आजचा कूलर आकारास आला. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात १९३० च्या दशकात अशा यंत्रांचा प्रसार झाला. विदर्भात पत्र्याच्या पेटीचा कूलर रुळला असून त्याच्या तीन बाजूंच्या जाळ्यांना आजही ‘ताट्या’ असेच म्हणतात. त्यांत वाळा किंवा लाकडाचे बारीक कुरळे तंतू, म्हणजे वुडवूल, भरलेले असते. अलीकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचनेच्या कागदी ताट्याही वापरात आहेत.

== तत्त्व ==
पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेते. सुमारे ३० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होण्यास जवळजवळ २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन अधिक. तापमान ४५ अंश व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याच्या तापमापकावर सुमारे २४ अंश तापमान दिसते. कूलरमधून येणारी हवा या मर्यादेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ताट्या चांगल्या असल्यास ती २८ अंशांच्या आसपास येते. कोकणातील दमट हवेत कूलर निष्प्रभ ठरतो आणि विदर्भातही पावसाळा सुरू होताच त्याचा उपयोग संपतो, त्याचे कारण हेच.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर औष्णिक वीज केंद्रांत दिसते. नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील खापरखेडा येथे महानिर्मितीचे केंद्र असून त्यात २१० मेगावॉटचे चार व ५०० मेगावॉटचा एक असे एकूण १,३४० मेगावॉट क्षमतेचे संच आहेत. अशा केंद्रांतील संघनकातून आलेले गरम पाणी शीतक मनोऱ्यात वरून खाली पडते, त्यातील थोड्या पाण्याची वाफ होते आणि उरलेले थंड पाणी पंपाने पुन्हा संघनकाकडे पाठवले जाते. घरच्या कूलरमध्ये हवा थंड करणे हा हेतू असतो, तर मनोऱ्यात पाणी थंड करणे हा. प्रक्रिया मात्र एकच आहे.

== रचना ==
जुन्या पद्धतीच्या पंपात मोटर पाण्याच्या वर असे आणि लांब दांड्याच्या टोकाचे पाते पाण्यात फिरे. आता बुडीत पंप सर्रास वापरले जातात. त्यांतील तारेचे वेटोळे राळेत पूर्णपणे बंदिस्त असते. मधल्या पोकळीत कायमचुंबकाचा दंडगोल फिरतो व त्याला पाते जोडलेले असते. वीजप्रवाहाच्या ५० हर्ट्‌झ वारंवारतेमुळे दोन ध्रुवांचा असा दंडगोल मिनिटाला ३,००० फेरे घेतो. तो सुरू होताना कोणत्याही दिशेने फिरू शकत असल्याने पात्याच्या पाकळ्या सरळ ठेवलेल्या असतात.

घरगुती पंप साधारणपणे १८ ते ४० वॉटचे असतात. १८ वॉटचा पंप दहा तास चालल्यास ०.१८ युनिट वीज खर्च होते. कूलरच्या वीजखर्चाचा मोठा भाग पंपाचा नसून पंख्याचा असतो. पंप घेताना तो पाणी किती उंच चढवू शकतो हे पाहणे आवश्यक असते. कारण उंची वाढत जाते तसा प्रवाह घटतो आणि कमाल उंचीला तो शून्यावर येतो.

== पाण्याचा वापर ==
ताशी २,००० घनमीटर हवा खेचून तिचे तापमान १७ अंशांनी उतरवणारा कूलर तासाला सुमारे १५ लिटर पाणी संपवतो; दुपारच्या पाच तासांत हा खर्च ७५ लिटरपर्यंत जातो. पाणीटंचाईच्या काळात हे प्रमाण लहान नाही. रात्री हवा निवल्यावर किंवा पावसाळी वातावरणात पंप बंद करून केवळ पंखा चालवल्यास पाण्याची बचत होते आणि खोलीतील दमटपणाही कमी राहतो. खोलीतील हवेला बाहेर पडण्यासाठी समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. अन्यथा आर्द्रता साचून गारवा नाहीसा होतो.

== विद्युत सुरक्षा ==
पत्र्याची पेटी, पाणी आणि वीज एकत्र आल्याने कूलर हे घरातील सर्वाधिक जोखमीच्या उपकरणांपैकी एक ठरते. पंपाच्या वायरचे आवरण फाटल्यास किंवा जोड ओला झाल्यास वीजप्रवाह पेटीत उतरतो. अनवाणी, ओल्या हाताने पेटीला स्पर्श करणाऱ्याला, विशेषतः लहान मुलांना, प्राणघातक धक्का बसू शकतो. विदर्भात असे अपघाती मृत्यू उन्हाळ्यात घडत आले असून महावितरण कूलर सावधगिरीने वापरण्याचे आवाहन करीत असते. पुढील खबरदारी आवश्यक मानली जाते :

* कूलरसाठी तीन पिनांचा प्लग वापरावा. पेटी व पंप यांची आर्थिंग तपासून घ्यावी.
* घराच्या वीजजोडणीत ३० मिलिॲम्पिअरचा गळती-प्रवाह रोधक स्विच बसवावा.
* पाणी भरण्यापूर्वी किंवा पंपाला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. जोडणी चुकलेली असल्यास बटण बंद असूनही वायरमध्ये विद्युतदाब राहतो.
* पंपाच्या वायरचा जोड पाण्यात किंवा ओल्या ताट्यांजवळ ठेवू नये.
* पाणी जमिनीवर सांडू देऊ नये. कूलरपाशी ओल्या पायांनी उभे राहू नये.

== देखभाल ==
बुडीत पंपाला पाण्यामुळेच थंडावा व वंगण मिळते. म्हणून टाकी कोरडी पडल्यावर चाललेला पंप लवकर निकामी होतो. ताट्यांचे तंतू पंपाच्या जाळीत अडकून प्रवाह मंदावतो. जाळी व पाते वरचेवर धुतल्यास पंप दीर्घकाळ टिकतो.

बाष्पीभवनात पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे दुष्फेन पाणी वापरल्यास ताट्यांवर व पंपात पांढरा थर जमतो. टाकीतील पाणी ठरावीक दिवसांनी पूर्ण काढून टाकणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

पाणी बदलण्याचे दुसरे कारण आरोग्याचे आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास सुमारे ७ ते १० दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करण्याचा सल्ला दिला जातो. कोरड्या पृष्ठभागाला चिकटलेली अंडी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून टाकी नुसती रिती करणे पुरत नाही. हंगाम संपल्यावर कूलरमध्ये पाणी तसेच सोडून दिल्यास पावसाळ्यात हा धोका वाढतो.

== अन्य उपयोग ==
याच प्रकारचे पंप मत्स्यपेटीतील गाळणी, अंगणातील लहान कारंजी, मातीविना शेतीची घरगुती मांडणी आणि गणेशोत्सवाच्या देखाव्यांतील धबधबे यांसाठीही वापरले जातात. मात्र हे पंप पाणी फार उंच चढवू शकत नसल्याने गच्चीवरील टाकी भरण्यास ते उपयोगी नाहीत.

== हे सुद्धा पहा ==
* बाष्पीभवन
* सापेक्ष आर्द्रता
* वाळा
* खापरखेडा औष्णिक विद्युत केंद्र
* डेंग्यू