पॉप्लरच्या नगरसभेचा निकाल

निवडणुकीचे निकाल पहिल्या दिवशी चौकातल्या फळ्यावर लिहिले जातात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतात आणि आठवड्याने त्याच कागदात दुकानदार शेंगदाणे बांधून देतो. पार्लमेंटच्या निवडणुकीची गोष्ट निराळी; तिचा इतिहास लिहिला जातो. नगरपालिकेच्या निवडणुकीचा सहसा लिहिला जात नाही. गटारे, दिवे, नळ आणि घरपट्टी यांपलीकडे तिची मजल जात नाही, असा आपला समज असतो. आज मी ज्या निकालाविषयी सांगणार आहे तो अशाच एका नगरसभेचा आहे. लंडनच्या पूर्व भागात पॉप्लर नावाचा एक बरो होता. बरो म्हणजे स्वतःची नगरसभा असलेला शहराचा विभाग. तेथे १ नोव्हेंबर १९१९ रोजी मतदान झाले आणि ४२ जागांपैकी ३९ जागा मजूर पक्षाने जिंकल्या. पुढे दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच या नगरसभेचे तीस सभासद तुरुंगात जाऊन बसले. त्यांनी पैसा खाल्ला नव्हता. ज्यांनी मते दिली त्यांच्यावर आणखी पट्टी बसवायला त्यांनी नकार दिला होता, एवढाच त्यांचा गुन्हा.

हे समजण्यासाठी आधी पॉप्लर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. टेम्स नदी लंडनच्या पूर्वेस एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या आसपास १८०२ साली वेस्ट इंडिया गोदी आणि १८०६ साली ईस्ट इंडिया गोदी सुरू झाली. आपल्याकडून निघालेला माल याच बाजूला उतरत असे. साम्राज्याची संपत्ती पॉप्लरच्या धक्क्यावर येई, पण पॉप्लरमध्ये राहत नसे. हमालाच्या पाठीवरून ती पश्चिमेकडच्या श्रीमंत वस्तीत जाई. मागे उरत तो हमाल, त्याची खोली आणि त्याचे रोजंदारीचे जिणे. सकाळी गोदीच्या फाटकाशी माणसांची झुंबड उडावी, मुकादमाने त्यांतली हवी तेवढी निवडावी आणि बाकीच्यांनी रिकाम्या हाताने घरी जावे, असा रोजचा क्रम होता. बो येथील आगपेट्यांच्या कारखान्यातील मुलींचा १८८८ चा संप आणि तासाला सहा पेन्स मजुरीसाठी झालेला गोदी कामगारांचा १८८९ चा संप, हे दोन्ही याच पूर्व लंडनमधले. १९१९ चा निकाल म्हणजे एका दिवसात आलेली लाट नव्हती. तीस वर्षे फाटकाफाटकांवर झालेल्या सभांचे आणि आण्याआण्याने गोळा केलेल्या वर्गणीचे ते पीक होते.

दुसरे कारण कायद्यातले होते. १९१८ पूर्वी ज्याने सरकारी गरीबमदत घेतली त्याचा मताचा हक्क जात असे. म्हणजे बेकार माणसाने मुलांसाठी भाकरी मागितली की तो नागरिक राहत नसे. १९१८ च्या कायद्याने ही अट काढली आणि तीस वर्षांवरील कितीतरी गृहिणींनाही स्थानिक निवडणुकीत मत मिळाले. आधीची निवडणूक १९१२ ची. मध्यंतरीची महायुद्धामुळे झालीच नव्हती. सात वर्षांनी पेटी उघडली तेव्हा मतदार बदललेला होता. त्या दिवशी लंडनच्या २८ बरोंपैकी १२ बरोंत मजूर पक्षाला बहुमत मिळाले. शेजारच्या स्टेपनी बरोत क्लेमंट ॲटली नावाचा एक तरुण मेयर झाला. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या वेळी ब्रिटनचे पंतप्रधान होते ते हेच ॲटली.

पॉप्लरचे मेयर झाले जॉर्ज लॅन्सबरी. 'डेली हेरल्ड' या कामगारांच्या दैनिकाचे हे संपादक. स्त्रियांच्या मताधिकाराच्या प्रश्नावर १९१२ साली त्यांनी पार्लमेंटमधली आपली जागा सोडून दिली होती. त्यांचे सहकारी म्हणजे गोदीतले मजूर, रेल्वेचे नोकर, टपालवाले, कारागीर आणि कामगारांच्या घरच्या बायका. ही माणसे लंडनच्या व्याख्यानमंडळांतून समाजवाद शिकून आलेली नव्हती. नळ कोणत्या गल्लीत येत नाही आणि कोणत्या घरात क्षयाचा रोगी आहे हे त्यांना तोंडपाठ होते.

त्यांनी कामे केली ती साधीच. बाळंतिणी व अर्भके यांच्यासाठी केंद्रे वाढवली, दुधाची सोय केली, घरे बांधायला घेतली. एक काम मात्र साधे नव्हते. १९२० साली नगरसभेने आपल्या नोकरांसाठी आठवड्याला किमान ४ पौंड वेतन ठरवले आणि ते पुरुषाला व स्त्रीला सारखेच ठरवले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्यावे.

मग मंदी आली. १९२० च्या अखेरीस जहाजे कमी झाली, गोद्या ओस पडल्या आणि बेकारी वाढली. बेकारीचा विमा होता, पण तो तुटपुंजा. तो संपला की माणूस स्थानिक गरीबमदत मंडळाच्या दारात उभा राही. आता या मंडळाचा पैसा कोठून येई? त्याच विभागाच्या घरपट्टीतून. येथे सगळ्या प्रकरणाची मेख आहे. घरपट्टी घराच्या भाड्याच्या मूल्यावर बसते. पॉप्लरमध्ये एका पौंड मूल्यावर एक पेनी पट्टी बसवली तर साधारण साडेतीन हजार पौंड जमत. वेस्टमिन्स्टरच्या श्रीमंत विभागात तीच एक पेनी तीस हजार पौंडांच्या आसपास देई. वेस्टमिन्स्टरमध्ये गरीब थोडे आणि पैसा फार. पॉप्लरमध्ये पैसा थोडा आणि गरीब फार. तरी प्रत्येकाने आपल्या गरिबांना आपणच पोसावे, असा न्याय. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

इतकेच नव्हे. लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि रुग्णालयांचे मंडळ या चार मध्यवर्ती संस्थांसाठीही पॉप्लरने पट्टी गोळा करून द्यायची होती. सगळे देऊन गरीबमदत चालू ठेवायची तर पट्टी भरमसाट वाढवावी लागली असती. पट्टी वाढली की घरमालक भाडे वाढवतो. म्हणजे ज्याला काम आहे त्या गरिबाच्या खिशातून काढून ज्याला काम नाही त्या गरिबाला द्यायचे, असा हा व्यवहार होता.

मार्ग दोनच दिसत होते. मदत कापा, नाहीतर पट्टी वाढवा. १९२१ च्या मार्चमध्ये पॉप्लरच्या नगरसभेने तिसरा मार्ग काढला. स्वतःच्या खर्चापुरती आणि गरीबमदतीपुरती पट्टी वसूल करायची. चार मध्यवर्ती संस्थांचा भाग वसूलच करायचा नाही. हे बेकायदेशीर आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. काउंटी कौन्सिल न्यायालयात गेले. २९ जुलै १९२१ रोजी नगरसभेचे सभासद पॉप्लरहून उच्च न्यायालयापर्यंत सुमारे पाच मैल पायी चालत गेले. पुढे वाजंत्री, नगरसभेचा मानदंड घेतलेला भालदार, आणि मागे सुमारे दोन हजार लोक. गुन्हेगार सहसा तोंड लपवून न्यायालयात जातात. हे वाजतगाजत गेले.

न्यायालयाने पैसे भरण्याचा हुकूम दिला, सभासदांनी तो मानला नाही आणि १ सप्टेंबरपासून अटका सुरू झाल्या. पंचवीस पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात आणि पाच स्त्रिया हॉलोवेच्या तुरुंगात गेल्या. मेयर सॅम मार्च गेले. लॅन्सबरी गेले, त्यांचा मुलगा एडगर गेला आणि सून मिनी गेली. नेली क्रेसॉल या गरोदर असताना गेल्या. तुरुंगात त्यांनी आपसात मागण्या मांडल्या, अधिकाऱ्यांशी भांडून नगरसभेच्या बैठका भरवण्याची परवानगी मिळवली. बैठकीच्या दिवशी हॉलोवेहून स्त्रियांना मोटारीने ब्रिक्स्टनला आणत आणि तेथे रीतसर कामकाज चाले. सरकारला वाटले होते, चार दिवसांत माफी मागतील. तिकडे शेजारच्या स्टेपनी आणि बेथनल ग्रीन या नगरसभांनीही पॉप्लरच्या वाटेने जायचे ठरवले. सहा आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरला, त्यांना सोडून द्यावे लागले. पाठोपाठ त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला. गरिबाला त्याच्या घरी दिल्या जाणाऱ्या मदतीचा खर्चही आता सगळ्या लंडनच्या सामाईक निधीतून भागवायचा ठरला. वेस्टमिन्स्टरची पेनी पॉप्लरपर्यंत पोहोचली.

या विजयाची किंमत पडली. मिनी लॅन्सबरी तुरुंगातून सुटल्यावर आजारी पडल्या आणि १ जानेवारी १९२२ रोजी न्यूमोनियाने वारल्या. वय ३२ वर्षांचे.

पॉप्लरची बाजू एवढी सांगून थांबलो तर तो प्रचार होईल, इतिहास होणार नाही. मजूर पक्षातही या मार्गाला विरोध होता. हॅक्नीचे मेयर हर्बर्ट मॉरिसन हे त्यांतले प्रमुख. त्यांचे म्हणणे असे की, आज आपण कायदा मोडला तर उद्या दुसऱ्या पक्षाची नगरसभा मोडील. मजूर पक्षाला राज्य करायचे असेल तर तो विश्वासू कारभारी आहे असे लोकांना वाटले पाहिजे. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. श्रीमंत वस्तीची एखादी नगरसभा उठून म्हणाली की, गरिबांच्या शाळेसाठी आम्ही पट्टी देत नाही, तर तिला आपण काय उत्तर देणार? मला स्वतःला उत्तर असे दिसते की, पॉप्लरच्या लोकांनी कायदा मोडला तो उघडपणे, आणि त्याची शिक्षा स्वतःच्या अंगावर घेतली. पळवाट शोधली नाही. ज्याला आपल्या म्हणण्यासाठी तुरुंगात जायची तयारी नाही त्याचा कायदेभंग आणि त्यांचा कायदेभंग एकाच तागडीत घालता येत नाहीत. तरीसुद्धा मॉरिसनचा इशारा टिकून राहतोच. असे शस्त्र रोज उपसायचे नसते.

दुसऱ्या आघाडीवर तर पॉप्लर हरले. चार पौंडांचे वेतन बेकायदेशीर आहे, असे सरकारी हिशेबतपासनिसाने ठरवले. भाव उतरले तरी वेतन उतरवले नाही, ही त्याची तक्रार. त्याने ५,००० पौंडांचा भुर्दंड सभासदांवर वैयक्तिक बसवला. खटला वरपर्यंत गेला आणि १९२५ साली उमरावसभेतील न्यायमूर्तींनी तपासनिसाची बाजू उचलून धरली. स्त्रीला पुरुषाइतके वेतन देण्याच्या कल्पनेवर निकालपत्रात टोमणे मारलेले आहेत. लोकांनी निवडून दिलेल्या सभेने आपल्या झाडूवालीला किती पगार द्यावा, हे ज्यांना कोणीच निवडून दिले नव्हते त्यांनी ठरवले. 'पॉप्लरिझम' हा शब्द इंग्रजी भाषेत रूढ झाला तो प्रथम शिवी म्हणून. काटकसरीची चाड नसलेला कारभार, असा त्याचा अर्थ विरोधक करीत.

मग पॉप्लरच्या लोकांचे स्वतःचे मत काय होते? ते सांगणारा दुसरा निकाल १ नोव्हेंबर १९२२ चा. त्या दिवशी लंडनभर मजूर पक्षाचा धुव्वा उडाला. १९१९ साली मिळवलेले बरो एकामागून एक गेले. पॉप्लर मात्र राहिले. त्याच महिन्यात पार्लमेंटची निवडणूक झाली. तीत लॅन्सबरी आणि सॅम मार्च हे दोघेही तुरुंग पाहून आलेले पुढारी पॉप्लरमधून निवडून आले. कामगार संघटनेत वावरणाऱ्या माणसाला माहीत असते की, संपाच्या ठरावाला हात वर करणे सोपे आहे. खरे मत तिसऱ्या आठवड्यात, घरातले पीठ संपल्यावर कळते. १९१९ चा निकाल हा वर केलेला हात होता. १९२२ चा निकाल हे तिसऱ्या आठवड्यातले मत होते. म्हणून मला १९१९ च्या ३९ जागांपेक्षा १९२२ चे टिकलेले बहुमत मोठे वाटते.

आपला आणि या वस्तीचा एक धागा जुळतो. १९३१ साली महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा पश्चिमेकडची हॉटेले सोडून ते बो भागातील किंग्जली हॉलमध्ये उतरले होते. तो हॉल याच पॉप्लर बरोत. कायदा मोडून तुरुंगात जाणारा पाहुणा त्या वस्तीला नवखा वाटण्याचे कारण नव्हते. आपल्याकडेही मुंबईच्या महानगरपालिकेत प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक व्हायला १९४८ साल उजाडावे लागले. तोवर प्रत्येक प्रौढाला मत, हा न्याय नव्हता. खोलीत राहणारा भाडेकरू पट्टी भाड्यातून भरतोच, हे मान्य व्हायला तेथे आणि येथेही बराच काळ गेला.

पॉप्लर हा बरो आता नाही. १९६५ साली तो स्टेपनी आणि बेथनल ग्रीन यांच्यासह टॉवर हॅम्लेट्समध्ये विलीन झाला. गोद्या बंद पडल्या. जेथे हमाल उभे राहत तेथे बँकांचे मनोरे उभे आहेत. जुना प्रश्न मात्र जेथे जेथे गरीब गाव आणि श्रीमंत गाव शेजारी आहेत तेथे तेथे उभा आहे. ज्या गावात दारिद्र्य अधिक त्याच्याच तिजोरीवर दारिद्र्याचा भार टाकायचा का, हा तो प्रश्न. पुढच्या खेपेस आपल्या नगरपालिकेचा निकाल फळ्यावर लागेल तेव्हा कोणाला किती जागा मिळाल्या हे पाहावेच. पण त्यानंतर तीन वर्षांनी पुन्हा त्या नावांकडे पाहावे. ती माणसे तेव्हा कोणाचे ओझे उचलीत आहेत आणि कोणाच्या पाठीवर टाकीत आहेत, यावरून आपल्या मताचे काय झाले ते कळेल.