एकदिवसीय क्रिकेट : चेंडूचा नवा नियम आणि दवाचे जुने कोडे

गुढियारी (रायपूर) : पन्नास षटकांच्या सामन्यात जुन्या चेंडूला पुन्हा स्थान देणारा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा (आयसीसी) नियम २ जुलै २०२५ पासून लागू झाला. फलंदाजांकडे झुकलेला तोल काही प्रमाणात गोलंदाजांकडे यावा, हा त्यामागील हेतू. मात्र भारतातील हिवाळी रात्रींत पडणारे दव हा हेतू कितपत साध्य होऊ देईल, हा प्रश्न ३ डिसेंबर २०२५ रोजी नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह मैदानावरील सामन्याने ठळक केला.

नियम काय आहे?

डावाच्या पहिल्या ३४ षटकांत पूर्वीप्रमाणेच दोन्ही टोकांकडून दोन स्वतंत्र नवे चेंडू वापरले जातात. त्यानंतर क्षेत्ररक्षण करणारा संघ त्यांपैकी एक निवडतो आणि उर्वरित १६ षटके त्याच चेंडूने टाकली जातात. सामना सुरू होण्यापूर्वीच तो २५ किंवा त्याहून कमी षटकांचा झाला, तर एकच नवा चेंडू मिळतो.

बदल का झाला?

पांढरा चेंडू लवकर मळतो आणि रात्रीच्या प्रकाशात नीट दिसत नाही. २०११ मध्ये दोन नव्या चेंडूंची पद्धत स्वीकारली गेली, तेव्हा ही अडचण दूर झाली; पण डाव संपतानाही प्रत्येक चेंडू जेमतेम २५ षटके वापरलेला राहू लागला. रिव्हर्स स्विंगसाठी आवश्यक झीज त्यावर होत नव्हती. सचिन तेंडुलकर यांनी २०१८ मध्ये या पद्धतीवर जाहीर टीका केली होती. नव्या नियमानुसार अखेरच्या षटकापर्यंत निवडलेला चेंडू सुमारे ३३ षटके वापरलेला असतो. मऊ पडलेला चेंडू दूर टोलवणे कठीण होते. फिरकीपटूंनाही त्याची पकड अधिक मिळते.

रायपूरमध्ये काय घडले?

दक्षिण आफ्रिकेविरुद्ध प्रथम फलंदाजी करताना भारताने ५ बाद ३५८ धावा केल्या. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने १०५ धावांची खेळी करत पहिले एकदिवसीय शतक साजरे केले, तर विराट कोहलीने १०२ धावा काढल्या. दक्षिण आफ्रिकेने एडन मार्करमच्या ११० धावांच्या जोरावर चार चेंडू राखून ६ बाद ३६२ धावा करत सामना जिंकला. दुसऱ्या डावात दवामुळे गोलंदाजी अवघड झाल्याचे भारताचा कर्णधार के. एल. राहुलने सामन्यानंतर सांगितले.

एका सामन्यावरून नियमाचे यशापयश ठरत नाही. तरीही अडचणीचे स्वरूप स्पष्ट आहे. रिव्हर्स स्विंगसाठी चेंडूची एक बाजू कोरडी व खडबडीत हवी. दवाने कातडे ओले होते, शिवण फुगते आणि चेंडू हातातून निसटतो. म्हणजे जुन्या चेंडूचा लाभ प्रामुख्याने कोरड्या डावात गोलंदाजी करणाऱ्यास मिळतो आणि नाणेफेकीचे महत्त्व वाढते. याच मैदानावर २१ जानेवारी २०२३ रोजी न्यूझीलंडला १०८ धावांत गुंडाळणाऱ्या भारतानेही धावांचा पाठलाग करूनच आठ गडी राखून विजय मिळवला होता.

पर्याय कोणते?

आयपीएलमध्ये २०२५ पासून सायंकाळच्या सामन्यांत दुसऱ्या डावाच्या दहाव्या षटकानंतर गोलंदाजी करणाऱ्या कर्णधाराला एकदा चेंडू बदलून मागता येतो. तितकाच झिजलेला दुसरा चेंडू पंच निवडतात. एकदिवसीय सामन्यांत ओला चेंडू बदलायचा की नाही, हे पंचांच्या निर्णयावर अवलंबून असते. आयपीएलसारखी तरतूद येथेही करणे किंवा सामने लवकर सुरू करणे, हे दोन मार्ग शक्य आहेत. लवकर सुरुवात झाल्यास दुसऱ्या डावातील दवाचा काळ घटेल, परंतु नोकरदार प्रेक्षकांची आणि प्रक्षेपणाची सोय बिघडेल.

अन्य बदल

कसोटीत दोन षटकांमधील अवधी ६० सेकंदांवर आणण्यात आला असून दोन इशाऱ्यांनंतर पाच धावांचा दंड आहे. सीमारेषेबाहेरून उडी घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाला हवेत एकदाच चेंडूला स्पर्श करता येतो. त्यानंतर त्याने मैदानाच्या आत उतरणे बंधनकारक आहे. २०२५-२६ च्या हंगामापासून भारतातील बहुदिवसीय देशांतर्गत सामन्यांत गंभीर दुखापतग्रस्त खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. २०१६-१७ पासून रणजी करंडक खेळणाऱ्या छत्तीसगडसह सर्व राज्य संघांना ही तरतूद लागू आहे.