संगणकाला लागलेला चकवा



कोकणपट्टीत ‘चकवा’ हा शब्द लहान पोरालाही ठाऊक असतो. वाट रोजची पायाखालची, अंगात ताप नाही, डोक्यात भ्रम नाही, आणि तरी माणूस रात्रभर चालून भलत्याच बांधावर जाऊन उभा राहतो. म्हातारी माणसे म्हणतात, “चकवा लागला.” तोच चकवा आता संगणकालाही लागतो.

समजा, वसई तालुक्यातल्या एका शाळेत गुरुजी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले आहेत. पत्ता अगदी बरोबर टंकला; पण पडद्यावर उघडली ती जुगाराची जाहिरात. पुन्हा टंकला, पुन्हा तेच. विषाणू शोधणारा प्रोग्राम चालवला, तर तो म्हणतो, “यंत्र स्वच्छ आहे.” मग दोष कोणाचा?

याचे उत्तर इतिहासात आहे. इंटरनेटवरच्या संगणकांची खरी ओळख नावाने नसते, आकड्यांनी असते. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. पूर्वी संगणक थोडे होते, तेव्हा सगळ्या नावांची आणि आकड्यांची एकच यादी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका संशोधनसंस्थेत ठेवीत, आणि ज्याला हवी तो तिची नक्कल घेई. गावची वस्ती वाढली की पोस्टमनला सगळी घरे तोंडपाठ राहत नाहीत, तसेच पुढे झाले. तेव्हा 1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी व्यवस्था आखली. तिला डीएनएस म्हणतात. तुम्ही नाव टंकले की तुमचा संगणक आधी एका वाटाड्या संगणकाला विचारतो, “बाबा रे, हे घर कुठे?” वाटाड्या आकडा सांगतो, आणि मग संगणक तिकडे जातो. भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, तेही याच वाटाड्यांच्या भरवशावर.

आता गोम ध्यानात आली ना? वाटाड्याच लबाड निघाला तर? वसई रोड स्टेशनावर उतरलेल्या परक्या पाहुण्याला वसईचा किल्ला पाहायचा आहे, आणि कोणी त्याला अर्नाळ्याला धाडले. समुद्र तिथेही आहे, बुरूज तिथेही आहेत. पाहुणा खुशाल समजेल, हीच वसई! त्याच्या पायांत दोष नाही, डोळ्यांत नाही. दोष वाट सांगणाऱ्याचा.

हे नुसते कल्पनेचे नाही. एस्टोनिया या युरोपातील छोट्या देशातून एका टोळीने 2007 ते 2011 या काळात हाच धंदा मांडला होता. “हा चित्रपट पाहायचा तर अमुक प्रोग्राम घ्या,” अशी भुलावण दाखवून ते ‘डीएनएस चेंजर’ नावाचा प्रोग्राम लोकांच्या संगणकात शिरवीत. तो वाटाड्याचा पत्ता बदलून टोळीच्या वाटाड्याचा लिहून ठेवी. शंभराहून अधिक देशांतले सुमारे 40 लाख संगणक असे फसले. लोकांना भलत्या पानांवर नेऊन जाहिरातींच्या दलालीतून टोळीने निदान 1 कोटी 40 लाख डॉलर मिळवले. शिवाय हा प्रोग्राम घरातल्या राउटरचाही ताबा घेऊ पाहत असे. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पुष्कळांनी कधी बदललेलाच नसतो, तेवढी फट त्याला पुरे होई.

8 नोव्हेंबर 2011 रोजी एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. पण खरी पंचाईत पुढेच होती. लबाड वाटाडे एकदम बंद करावेत, तर लाखो निरपराध संगणकांना वाट सांगणारे कोणीच उरत नव्हते! म्हणून न्यायालयाच्या हुकुमाने त्यांच्या जागी प्रामाणिक वाटाडे बसवले, आणि लोकांना आपापली यंत्रे दुरुस्त करायला मुदत दिली. 9 जुलै 2012 रोजी तेही बंद झाले. तोपर्यंत जगभरातले दोन लाखांहून अधिक संगणक सुधारायचे राहिले होते, त्यांत भारतातलेही हजारो होते. टोळीचा म्होरक्या व्लादिमिर त्सास्त्सिन याला 2016 साली न्यूयॉर्कमध्ये सात वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली.

यातून शिकायचे ते एवढेच, की चोर घरातून गेला तरी त्याने फिरवलेली पाटी तशीच राहते. ‘यंत्र स्वच्छ आहे’ हे उत्तर खरे असूनही अपुरे असते.

मग आपले गुरुजी काय करतील? आधी तोच पत्ता शाळेच्या वायफायवर दुसऱ्या फोनमध्ये उघडून पाहतील. मग वायफाय बंद करून मोबाइलच्या स्वतःच्या जाळ्यावर पाहतील. वायफायवर दोघेही भरकटतात आणि मोबाइलच्या जाळ्यावर फोन नीट जातो, असे दिसले तर संशय राउटरवर. तो मूळ स्थितीत आणावा, परवलीचा शब्द बदलावा, नवी सुधारणा भरावी आणि त्यातला डीएनएसचा पत्ता सेवा देणाऱ्याला विचारून तपासावा. एकटा संगणकच भरकटत असेल, तर ब्राउझरला चिकटवलेली जोडकामे काढावीत. आजकाल पुष्कळदा चोर तिथेच सापडतो. नंतर त्या संगणकातला डीएनएसचा पत्ताही पाहावा.

आणि एक पथ्य. बँकेचे पान उघडताना ब्राउझरने दाखल्याविषयी धोक्याची सूचना दिली, तर “तरीही पुढे जा” हे बटण कदापि दाबू नये. तिथे परवलीचा शब्द लिहिणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देणे. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

चकव्यात सापडलेल्याला जुने लोक सांगत, “धावू नकोस. जागच्या जागी बस, उजाडू दे, मग वाट ओळख.” संगणकापुढे बसणाऱ्यालाही हाच सल्ला पुरेसा आहे.