पाणचक्की आणि नागसेनवन

लोकहितार्थ दान ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रें यांच्या रूपानें ती गांवोगांव दिसते. परंतु दानाचा विचार करतांना आपण बहुधा देणाराचें नांव आणि रकमेचा आंकडा एवढेंच पाहतों. घेणाराची स्थिति त्या दानानें कितपत पालटली, हें विचारावयाचें राहून जातें. २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर हें नांव धारण करणाऱ्या औरंगाबाद शहराचा इतिहास या दृष्टीनें फार उद्बोधक आहे.

१६१० मध्यें मलिक अंबरानें खडकी येथें हें शहर वसविलें. लहानपणीं गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या हबशी पुरुषानें जमिनीखालून नहर आणून शहराची तहान भागविली. पुढें अशाच योजनेचें पाणी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांत खेळलें, व त्याच्या जोरावर फिरणाऱ्या जात्यानें यात्रेकरू आणि गोरगरीब यांसाठीं पीठ दळलें जाऊं लागलें. तीच सुप्रसिद्ध पाणचक्की होय. पाणी वाहे तोंवर पीठ मिळे, हा या दानाचा मोठाच गुण. तथापि आज जेवून गेलेला उद्यां पुन्हा भुकेलाच येणार, ही त्याची मर्यादाहि उघड आहे.

निजामी राजवटींत उर्दूचें प्राबल्य असतां, १९१५ मध्यें येथील नागरिकांनीं सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था उभी केली. आपल्या मुलांसाठीं आपणच झटावयाचें, हा दानाचा नवा अर्थ होय. पण 'आपलीं मुलें' या शब्दांची व्याप्ति केवढी? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांस समाजानें विद्येच्या उंबरठ्याबाहेर ठेवलें, तीं मुलें कोणाचीं?

या प्रश्नास डॉ. आंबेडकरांनीं कृतीनें उत्तर दिलें. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० मध्यें येथें महाविद्यालय काढलें. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेंच नागसेनवनांतील मिलिंद महाविद्यालय. अस्पृश्यांच्या उन्नतीसाठीं निघालेल्या या विद्यालयाचीं दारें सर्व जातींस मोकळीं होतीं. ज्यांस आजवर केवळ याचक मानलें, त्यांच्याच पुढाऱ्यानें सर्व मराठवाड्यास दान दिलें, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

परंतु समाजानें हें दान घेतलें, तरी देणाराचें नांव त्यास सहजासहजीं सोसलें नाहीं. १९५८ मध्यें स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठास आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव १९७८ मध्यें होतांच दलितांचीं घरें जळालीं, माणसें मारलीं गेलीं. आणि नामविस्तार व्हावयास १९९४ उजाडावें लागलें. एरवीं देणाराचें नांव कोनशिलेवर आवडीनें कोरणारा समाज येथें मात्र सोळा वर्षें अडून बसला! याचें कारण असें कीं, ज्यास आपण खालचा मानतों त्याचे उपकार मान्य करावयाचे म्हणजे आपला वरचेपणा सोडावा लागतो.

मिलिंद राजा नागसेन भिक्षूशीं वाद करावयास आला, तेव्हां राजांच्या रीतीनें नव्हे, पंडितांच्या रीतीनें बोलणार असाल तरच संवाद होईल, अशी अट नागसेनानें घातली, व राजानें ती मानली. आजहि धनिक, संस्था व सरकार एकत्र येऊन लोककार्यासाठीं निधि उभारतात. हें स्तुत्यच आहे. परंतु ज्यांच्यासाठीं तो निधि, त्यांस त्याच्या विनियोगांत बरोबरीचा शब्द नसेल, तर पाणचक्कीचें पीठ तेवढें मिळेल. नागसेनवन उभें राहणार नाहीं.