आतड्यातील जिवाणू एकमेकांना कसे पोसतात?

पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यात जुलाबाचे रुग्ण वाढले की पालक डॉक्टरांना म्हणतात, “जुलाब लगेच थांबतील अशी अँटिबायोटिक गोळी द्या.” ही गोळी प्रत्येक वेळी का द्यायची नसते, हे समजण्यासाठी आतड्यातील जिवाणूंचे काम पाहू.

देवाणघेवाण म्हणजे काय?
योगर्ट या दह्याच्या प्रकारात दोन जिवाणू एकत्र वाढतात. लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस दुधातील प्रथिनांचे तुकडे करतो. ते स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसच्या उपयोगी पडतात. स्ट्रेप्टोकॉकस फॉर्मिक आम्ल तयार करतो; ते लॅक्टोबॅसिलसला लागते. त्यामुळे दोघे मिळून दूध लवकर विरजवतात.

आतड्यात काय घडते?
ज्वारीची भाकरी, भगर, डाळी आणि भाज्यांतील काही तंतू आपल्याला पचवता येत नाहीत. मोठ्या आतड्यातील काही जिवाणू ते फोडतात. त्यातून निघालेले अॅसिटेट आणि लॅक्टेट वापरून दुसरे जिवाणू ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे हेच मुख्य इंधन आहे.

आईच्या दुधातही बाळाला न पचणाऱ्या काही शर्करा असतात. त्यांवर बिफिडोबॅक्टेरिया वाढतात. काही जण शर्करा फोडतात आणि उरलेला वाटा शेजारच्या जिवाणूंना मिळतो.

अँटिबायोटिकने काय होते?
ही औषधे उपयोगी जिवाणूंनाही मारतात. साखळीतील एक दुवा गेला की पुढच्यांचे अन्न तुटते. कधी कधी औषधामुळेच जुलाब होतात. लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मात्र रक्ती आव किंवा कॉलरा असल्यास ते लागू शकते. डॉक्टरांनी दिलेले औषध मनाने बंद करू नका.

घरी काय करावे?
- पहिले 6 महिने बाळाला फक्त आईचे दूध द्या. मध, गूळपाणी किंवा घुटी नको.
- जुलाबात ओआरएस द्या, स्तनपान व नेहमीचे जेवण चालू ठेवा. डॉक्टरांनी किंवा आशाताईंनी सांगितल्याप्रमाणे झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्या.
- उरलेली किंवा शेजाऱ्यांची अँटिबायोटिक गोळी देऊ नका.

ताबडतोब दवाखान्यात कधी न्यावे?
शौचात रक्त, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, सुस्ती, सतत उलट्या, किंवा मूल पाणी वा दूध पीत नसेल, तर थांबू नका. कुपोषित मुलाला जुलाब लागताच दवाखान्यात न्या. वाटेतही ओआरएस थोडे थोडे पाजत राहा.