सेखिय नियम आणि देहाचे शिक्षण

कसे चालावे, कसे बसावे, हात कसे ठेवावेत याचेही धडे विनयपिटकात आहेत, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. भिक्खूंच्या पातिमोक्खातील 227 नियमांपैकी 75 नियम सेखिय, म्हणजे शिकून अंगी बाणवावयाचे नियम होत. त्यांतील पहिले 26 प्रामुख्याने वस्तीत वावरण्यासंबंधी आहेत. अंग, हात वा डोके झुलवीत चालू नये. कमरेवर हात ठेवू नयेत. गुडघ्यांना मिठी घालून बसू नये. दृष्टी खाली असावी. नवदीक्षित भिक्खू उपाध्याय व आचार्य यांच्या सहवासात हे शिकत असे. राजगृहात भिक्षाटन करणाऱ्या अस्सजींचे संयत चालणे-पाहणे बघून सारिपुत्त आकृष्ट झाले. धम्म त्यांनी नंतर ऐकला, असे महावग्गात सांगितले आहे.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. मान खाली घालून वावरणे आमच्या पूर्वजांवर शतकानुशतके लादले गेले. मग भिक्खूची खाली वळलेली दृष्टी आणि ती लाचारी यांत भेद कोणता?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, उच्चवर्णीयाच्या आसनावर बसू पाहणाऱ्या हीनजातीयाच्या कमरेवर डाग देऊन त्यास हद्दपार करावे, असे सांगितले आहे. तेथे आसन जन्मावरून ठरते. संघात मात्र शिस्त सर्वांना एकच होती. आपला कुलाभिमान गळावा म्हणून शाक्य कुमारांनी उपाली न्हाव्यास आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली आणि त्यास वंदनीय मानले, असे चुल्लवग्गात आहे.

शिवाय सेखियांतील 16 नियम धम्मोपदेशासंबंधी आहेत. आजारी नसलेला श्रोता उंच आसनावर बसला असता भिक्खूने खालच्या आसनावरून धम्म सांगू नये, हा त्यांपैकी एक. त्याची कथा मननीय आहे. गर्भवती पत्नीसाठी वाराणसीच्या राजाचे आंबे चोरावयास एक चांडाळ झाडावर चढला होता. खाली राजा उंच आसनावर बसून मंत्र शिकत होता आणि शिकविणारा पुरोहित नीच आसनावर होता. चांडाळ खाली उतरला आणि तिघेही अधर्माने वागत आहोत, असे त्याने सुनावले. स्वतःची चोरीही त्याने लपविली नाही. छवक जातकात हा चांडाळ म्हणजे स्वतः बोधिसत्त्व होय.

स्वेच्छेने स्वीकारलेला संयम आणि सत्तेपुढील वाकणे यांतील भेद तो हाच. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा जन्मावरून आसन ठरविणारा ग्रंथच नाकारला गेला. श्रामणेर शिबिरांत बसण्या-चालण्याचे धडे देताना झाडावरून उतरलेल्या त्या चांडाळाची कथाही सांगितली जावी, असे आम्हांस वाटते.